भूमिगत मुंग्यांची शिरगणती

शितावरून भाताची परीक्षा करावी असें आपण म्हणतों, आणि तें खोटें नाहीं. मात्र तें भातापुरतेंच खरें आहे. पातेल्यांतलें पाणी उकळत असतां वरचें शीत खालीं आणि खालचें वर येत असतें, म्हणून एक शीत बोटानें दाबून पाहिलें कीं सबंध पातेल्याचा निवाडा होतो. धान्याच्या पोत्याला हा न्याय लावून चालत नाहीं. बाजारांतला अडत्या पोत्याच्या तोंडाचें मूठभर धान्य पाहून कधींच समाधान मानीत नाहीं. तो आपली लोखंडी परखी पोत्याच्या पोटांत खुपसतो, बाजूचा, मधला, बुडाचा असा तीन-चार ठिकाणचा दाणा काढतो आणि मगच भाव बोलतो. वर टपोरा दाणा आणि खालीं किडका, हा अनुभव त्यानें घेतलेला असतो. जमीन ही पातेल्यासारखी नसून पोत्यासारखी आहे. तिच्या पोटांत कोणत्या मुंग्या राहतात हें सांगावयाचें तर तिला परखी लावावी लागते. ती परखी कशी असावी, आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलुखांत ती कशी चालवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मुंगी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें साखरेच्या डब्याभोंवतालची रांग येते, फार तर अंगणांतला मुंगळा, किंवा आंब्याचीं पानें शिवून घर करणारी चावरी तांबडी मुंगी येते. या साऱ्या उजेडांत वावरणाऱ्या. यांच्याखेरीज कित्येक जाति अशा आहेत कीं त्यांच्या कामकरी मुंग्या जन्मभर मातीबाहेर तोंड काढीत नाहींत. त्यांचें अंग बारीक, रंग फिकट पिवळा किंवा तांबूस, आणि डोळे एक तर टिंबाएवढे किंवा मुळींच नाहींत. अंधारांत राहणाऱ्याला डोळ्यांचा काय उपयोग?

अशांपैकीं डोरायलस हा वंश आपल्याकडे आहे. त्याची कामकरी मुंगी पूर्ण आंधळी असते, आणि तिचा नर मात्र पंखवाला, इंचभर लांबीचा, रात्रीं दिव्यावर येऊन आदळणारा. दोघांना शेजारीं ठेवलें तर तीं एका घरचीं आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. आफ्रिकेंतून आलेल्या अशाच एका नराला खुद्द लिनीअसनें १७६४ सालीं गांधीलमाशांच्या वंशांत बसविलें होतें! भारतांत या वंशाच्या ज्या जाति आहेत त्यांपैकीं डोरायलस ओरिएंटॅलिस ही शेतकऱ्याच्या परिचयाची, कारण ती जमिनीखालून येऊन बटाटा, भुईमूग अशा पिकांचे कंद आणि मुळें पोखरते. दुसरी, डोरायलस लॅबिएटस.

याहून निराळी तऱ्हा ॲक्रोपायगा नांवाच्या पिवळ्या मुंगीची. ती झाडांच्या मुळांवर राहणारे पिठ्या ढेकूण पाळते आणि त्यांच्या गोड स्रावावर जगते. तिची तरुण राणी विवाहोड्डाणास निघतांना आपल्या जबड्यांत एक पिठ्या ढेकूण धरून नेते. नव्या घरीं जातांना माहेरचें विरजण बरोबर न्यावें, त्यांतलाच हा प्रकार. या विरजणाची आठवण ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या मुलुखाच्या मुंग्यांकडे शास्त्राचें लक्ष गेलें त्याला शंभराहून अधिक वर्षें झालीं. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यांतील अधिकारी रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनीं १८९२ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या मथळ्याखालीं लेखन केलें. त्याच नियतकालिकांत स्वित्झर्लंडचे ऑगस्त फोरेल यांनीं हिंदुस्थान व सिलोन येथील मुंग्यांचें वर्गीकरण क्रमशः प्रसिद्ध केलें, आणि १९०३ सालीं बिंगहॅम यांचा मुंग्यांवरील ग्रंथ निघाला. सागाचे सोट मोजण्यासाठीं नेमलेल्या माणसाला मुंगीची गोडी लागावी, ही गोष्ट मला नेहमींच आनंदाची वाटते. पण त्या काळचें काम मुख्यतः हातानें वेंचण्याचें. दगड उलथला, कुजलें लाकूड फोडलें, दिव्यावर आलेला नर पकडला. जें हातीं आलें तें शीशींत पडलें. त्यानें कोणकोणत्या जाति आहेत याची यादी होते. एका माळावर त्या किती ठिकाणीं आहेत आणि दुसऱ्या माळावर किती, ही तुलना त्यानें होत नाहीं.

आणि जव्हार-मोखाड्यांत प्रश्न तुलनेचाच आहे. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. आज जव्हार व मोखाडा हे दोन्ही पालघर जिल्ह्याचे तालुके आहेत. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा निघाला. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा हा प्रदेश. जव्हार गांव समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फुटांवर आहे. खालीं काळा पत्थर, त्यावर मुरूम, आणि मुरुमावर मातीचा थर. तो खांचरांत बरा, पण उतारावरच्या वरकस जमिनींत कित्येक ठिकाणीं हातभरहि नाहीं. पाऊस चार महिने धो धो, आणि उरलेले आठ महिने जमीन तडकत राहते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची वस्ती. भात, नागली, वरई, खुरासणी हीं पिकें.

भात आणि नागली यांचीं रोपें येथें राबावर वाढवितात. वाफ्याच्या जागेवर शेण, त्यावर झाडांची तोडलेली कवळ, पालापाचोळा व गवत रचून वरून माती पसरावयाची, आणि उन्हाळ्यांत तो थर मंद धुमसत जाळावयाचा, हा राब. यावर वाद जुना आहे. १८८५ सालीं नेमलेल्या आणि १८८७ सालीं अहवाल देणाऱ्या मुंबई जंगल कमिशनपुढें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील राबाचा प्रश्न होताच. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ सालीं राबपद्धतीवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला; जमीन भाजल्यानें तिच्यांत काय फरक पडतो याचा विचार त्यांत आहे. एक पक्ष म्हणतो, राबानें जमीन निर्जीव होते. दुसरा म्हणतो, राबाशिवाय रोप उभें राहत नाहीं. कुटुंबाच्या वर्षाच्या धान्याचें रोप त्या एवढ्याशा वाफ्यांत असतें, म्हणून ‘निर्जीव’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं खालचे जीव कोणीतरी पाहिले असावेत, एवढी अपेक्षा करण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे. मुंग्या या कामाला सोयीच्या. त्यांचीं घरें स्थिर, जाति ओळखतां येतात, आणि जमिनीच्या प्रत्येक थराला आपापल्या मुंग्या असतात.

आतां साधनें पाहूं. सर्वांत सोपें म्हणजे खड्ड्याचा सांपळा. एक पेला कांठापर्यंत जमिनींत पुरावयाचा, तळाशीं थोडा मद्यार्क किंवा साबणाचें पाणी ओतावयाचें. वरून चालणारी मुंगी त्यांत घसरते. साधन स्वस्त आणि चांगलें, पण तें वाटसरूंची गणना करतें, घरांत बसलेल्यांची नव्हे. राब जळून गेलेल्या वाफ्यावर पेला पुरला आणि तो रिकामा राहिला, तर वरचा रस्ता ओस पडला एवढेंच सिद्ध होतें.

दुसरें साधन विंकलर पिशवीचें. एक चौरस मीटर जागेंतला पालापाचोळा गोळा करून चाळणीनें चाळावयाचा, चाळलेला भाग जाळीच्या चपट्या पिशव्यांत भरून त्या एका मोठ्या कापडी पिशवींत टांगावयाच्या, आणि खालीं मद्यार्काचा पेला लावून दोन दिवस तशाच ठेवावयाच्या. चाळण सुकूं लागली कीं आंतले जीव अस्वस्थ होऊन हालचाल करतात आणि पेल्यांत पडतात. वीज लागत नाहीं, पिशव्या घडी करून पाठीवर नेतां येतात. मुंग्यांच्या गणनेसाठीं २००० सालीं जी सर्वमान्य रीत ठरली, तींत दहा दहा मीटरांवर असे वीस चौरस सांगितले आहेत. पण ही रीत दाट ओल्या अरण्यांत जितकी चालते तितकी आपल्या पानझडींत चालत नाहीं. उन्हाळ्यांत पाचोळा कोरडा ठणठणीत असतो आणि त्यांत राहणारे खालीं उतरलेले असतात. आषाढ-श्रावणांत तो भिजून गोळा झालेला असतो आणि दमट हवेंत पिशवी सुकतच नाहीं. राहिले पावसाळा संपतांनाचे आठवडे. शिवाय पाचोळा म्हणजे माती नव्हे, हा मुद्दा आहेच.

म्हणून कुदळीकडे यावें लागतें. पंचवीस सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा मातीचा ठोकळा काढावयाचा. तो दहा दहा सेंटिमीटरांच्या तीन थरांत वेगळा करावयाचा. आणि प्रत्येक थर पांढऱ्या परातींत पसरून, ढेकूळ ढेकूळ फोडून, भिंगानें पाहावयाचा. पिवळी मुंगी पांढऱ्यावर चटकन दिसत नाहीं, ती हलली कीं दिसते. म्हणून परात दोन मिनिटें न हलवितां नुसतें पाहत बसावें. घाई करणाऱ्याच्या हातून निम्म्या मुंग्या सुटतात. मातींतले जीव आपोआप बाहेर काढण्याची युक्तीहि आहे. इटालियन शास्त्रज्ञ बेर्लेसे यांनीं १९०५ सालीं नरसाळ्यांत माती ठेवून तिला वरून ऊब देण्याची रीत काढली, आणि स्वीडनच्या तुलग्रेन यांनीं १९१८ सालीं तिच्यांत विजेचा दिवा आणला. उष्णतेपासून पळतां पळतां जीव नरसाळ्याच्या तोंडाशीं येतात. फार लहान मुंग्यांना मात्र वाटेंतच कोरड पडून मरण येतें, म्हणून दिवा मंद हवा आणि धीर मोठा हवा.

खणण्याचा दोष असा कीं मातीच्या एका ठोकळ्याला तासच्या तास लागतात आणि जागा व्यापली जाते वीतभर. गुण असा कीं जी मुंगी कोणत्याहि आमिषाला भुलत नाहीं तीहि यांत सांपडते. येथें त्या विरजणवाल्या ॲक्रोपायगाची आठवण करावी. तिचें अन्न घरच्या घरीं पाळलेलें. तिला मासळीचा तुकडा आणि मध दाखवून काय होणार? तिच्यासाठीं गवताचीं व झुडपांचीं मुळें उकरलींच पाहिजेत.

गेल्या कांहीं दशकांत सांपळा खालीं पुरण्याची कल्पना पुढें आली. जपानांत यामागुची व हासेगावा यांनीं १९९६ सालीं मातींत आमिष पुरून मुंग्यांचा वावर तपासला. इक्वेडोरच्या अमेझॉन-अरण्यांत विल्की व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं साडेबारा, पंचवीस, साडेसदतीस व पन्नास सेंटिमीटर अशा चार खोलींवर आमिषाचे सांपळे उतरविले. उत्तर ऑस्ट्रेलियांतहि २०१० च्या सुमारास अशाच पुरलेल्या सांपळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तत्त्व सर्वांचें एक. प्लॅस्टिकच्या लहान नळीच्या कडेला मुंगी शिरेल एवढीं भोंकें पाडावयाचीं, आंत आमिष टांगावयाचें, तळाशीं मद्यार्क ठेवावयाचा, आणि गिरमिटानें पाडलेल्या भोंकांत ती नळी ठरलेल्या खोलीवर सोडून दोरीचें टोंक वर ठेवावयाचें.

यांत खुब्या तीन आहेत, आणि तिन्ही मातीच्या कामाच्या. भोंक वरून मोकळें ठेवलें तर पृष्ठभागावरची मुंगी दोरीवरून उतरून सांपळ्यांत जाते आणि आपण तिला पाताळवासी समजून बसतों. म्हणून नळीवर तीच माती घट्ट ठासावी. नव्यानें उकरलेल्या मातीकडे कांहीं मुंग्या उगाच धांवतात व कांहीं ती टाळतात. म्हणून नळी बंद तोंडानें आठवडाभर पुरून ठेवावी आणि मग आमिष घालावें. आणि तिसरी, आमिष एकाच प्रकारचें नसावें. मासळी, मध आणि तेल हीं तिन्हीं आळीपाळीनें लावावीं. जव्हारच्या वरकस जमिनींत पन्नास सेंटिमीटरांची गोष्ट बोलूं नये. गिरमीट त्याच्या कितीतरी आधीं मुरुमावर वाजतें. तेथें दहा व पंचवीस या दोन खोल्या पुरेत, आणि मुरूम किती खोलीवर लागला हें प्रत्येक भोंकापुढें लिहून ठेवावें. भर पावसांत तर हा सांपळा लावूंच नये. भोंक म्हणजे विहीर होते. खांचरें पाण्याखालीं असतांना त्यांतल्या मुंग्या कोरड्या बांधांचा आश्रय घेतात. त्या काळांत खणावयाचें तर बांधाचा कांठ थोडासा, आणि तोहि मालकाला विचारून.

तेलाची हकीकत सांगण्याजोगी आहे. आग्नेय आशियांतील डोरायलस लेव्हिगेटस ही जमिनीखालून फौजेनें फिरणारी मुंगी. तिचा माग काढावा कसा, हें कोणाला उमजत नव्हतें. जर्मन संशोधकांनीं २००० सालीं ताडतेलाच्या आमिषाची युक्ति प्रसिद्ध केली. भोंकें पाडलेली बादली मातीनें भरून, तींत तेल ओतून जमिनींत पुरावयाची, आणि वेळोवेळीं उचलून पाहावयाची. मुंग्या आल्या, आणि आल्या त्या टिकून राहिल्या. फौजी मुंगी म्हणजे आज येथें उद्यां तेथें, अशी जी समजूत होती ती या जातीपुरती ढिली पडली. तिचे जमिनीखालचे हमरस्ते दीर्घकाळ त्याच जागीं राहतात असें दिसून आलें. जव्हार-मोखाड्यांत खुरासणीचें तेल घरोघर मिळतें. आपल्या डोरायलसला तें रुचतें कीं भुईमुगाचें, हें शेजारीं शेजारीं दोन बादल्या पुरून ताडतां येईल, आणि बादलीला फार खर्चहि नाहीं.

एवढें सगळें करून नशिबाचा भाग उरतोच. ब्राझीलमध्यें मानाउस शहराजवळ १९९८ सालीं मातीच्या नमुन्यांतून दोन विलक्षण फिकट मुंग्या मिळाल्या, आणि पुढें त्या हातच्या गेल्या. २००३ सालीं त्याच भागांत राबेलिंग यांना तशीच एक, केवळ एकच, कामकरी मुंगी सांपडली. आंधळी, फिकी, लांब नाजूक जबड्यांची. तिच्यासारखें दुसरें कांहीं ठाऊकच नव्हतें, म्हणून २००८ सालीं तिचें वर्णन करतांना तिला मंगळावरून आलेली अशा अर्थाचें मार्शियालिस हें नांव दिलें आणि तिच्यासाठीं नवें उपकुल उभारावें लागलें. एका मुंगीवर उपकुल! दोन शीशा गमावल्या नसत्या तर शास्त्राचीं कित्येक वर्षें वांचलीं असतीं.

आतां राबाच्या वाफ्याकडे परत येऊं. कोरडी माती उष्णता फार खोल जाऊं देत नाहीं. वरचे दोन-तीन इंच भाजले तरी खालीं ती झपाट्यानें कमी होत जाते. तेव्हां पाचोळ्यांतल्या मुंग्या गेल्या आणि वीतभर खालच्या तशाच राहिल्या, असा निकाल लागणें सहज शक्य आहे. पण शक्य आहे म्हणून तसें आहेच असें म्हणतां येत नाहीं. तुलना करावयाची तर राबाचा वाफा आणि त्याच्याच शेजारची न जाळलेली जागा यांची जोडी धरावी, आणि दोहोंवर एकाच दिवशीं सांपळे लावावे. कारण उन्हाळा चढतो तशा मुंग्या खोल उतरतात. फाल्गुनांत राबाआधीं मोजलें आणि वैशाखांत राबानंतर मोजलें, तर जी घट दिसेल ती आगीची कीं उन्हाची, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं.

एकाच वाफ्यांत तीस नळ्या पुरून तीस नमुने घेतले असें मानूं नये. तो एकाच पोत्यांत तीस वेळां परखी घालण्याचा प्रकार झाला. गांवचें धान्य त्यानें कळत नाहीं. त्यापेक्षां दहा शेतकऱ्यांचे दहा वाफे आणि प्रत्येकांत तीन नळ्या हें शतपट बरें. नळ्यांची संख्या कां लागते हें साध्या हिशेबानें समजेल. समजा, एखादी विरळ जाति कोणत्याहि एका नळींत येण्याचा संभव दहांत एक आहे. दहा नळ्या लावल्या तर ती एकींतहि न येण्याचा संभव शंभरांत सुमारें पस्तीस उरतो. तीस नळ्या लावल्या तर शंभरांत सुमारें चार. दहा रिकाम्या नळ्या पाहून ‘ही जाति येथें नाहीं’ असें लिहिणारा दर तीन वेळांत एकदां तरी चुकणार.

दुसरी गोष्ट, सांपळ्यांत डोकीं किती पडलीं हें मोजून त्यावरून निष्कर्ष काढूं नये. नळी योगायोगानें वारुळाच्या दारांत पडली तर हजार मुंग्या येतात, आणि हातभर बाजूला पडली तर एकहि येत नाहीं. किती नळ्यांत ती जाति आली, एवढेंच खरें माप. म्हणजे या शिरगणतींत शिरेंच मोजावयाचीं नाहींत!

फेऱ्या चार घ्याव्या: राब भाजण्याआधीं, भाजल्यावर आठवड्यानें, आवणी होऊन वाफा मोकळा झाल्यावर, आणि पीक कापल्यावर कार्तिकांत. आवणीनंतरची फेरी पावसाची, म्हणून त्या वेळीं नळ्या न लावतां लहानसे ठोकळे खणून पाहावें. आणि जुळणी बिघडूं नये म्हणून बाकीच्या तीन फेऱ्यांतहि तसेच कांहीं ठोकळे काढावे. रोप वाफ्यांत असतांना मात्र त्यांत कुदळ तर नाहींच, बोटहि घालूं नये. कोणत्याहि मुंगीच्या मोलापेक्षां त्या रोपाचें मोल त्या घराला जास्त आहे. खणलेला खड्डा त्याच दिवशीं बुजवावा. मुरूम खालीं, माती वर, ज्या क्रमानें निघाली त्याच्या उलट क्रमानें.

प्रत्येक शीशींत एक चिठ्ठी टाकावी: गांव, तारीख, वाफा राबाचा कीं बिनराबाचा, खोली, आमिष, मुरूम किती खोलीवर लागला, आणि गोळा करणाराचें नांव. चिठ्ठी शिसपेन्सिलीनेंच लिहावी. शाई मद्यार्कांत विरघळून जाते.